समदी उतरली का?

या लिखाणात कुणाचंही नाव नाही. ज्या बाईंचं हे सगळं आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर. माझंही नाव घालत नाही, कारण माझ्या नावावरून त्यांचं गाव लगेच कळेल. त्यांच्या भावकीला मी तोंडी सांगून मोकळा झालो आहे. पण तोंडी सांगितलेलं चार वर्षांत बदलतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून हा कागद.

मी ऐंशी ओलांडली आहे. नारायणगावला मुलाकडे राहतो. सकाळी स्टँडपर्यंत चालत जायचं, तिथल्या बाकावर पेपर वाचायचा आणि परत यायचं, एवढाच दिनक्रम. गेल्या थंडीत एका सकाळी एक जीपवाला माझ्यापुढे येऊन थांबला. माझ्या पहिल्या शाळेच्या गावाकडचा, आता पन्नाशीचा गृहस्थ.

"गुरुजी, वळाकलं का? आमच्या वस्तीवरची म्हातारी तुमची चौकशी करत व्हती."

"कुठली म्हातारी?"

"ती मेंढरंवाली हो. एकटीच ऱ्हाती. शेजारच्या पोरीनं मोबाईलवर कायतरी दावलं तिला, चंद्राकडं परत माणसं धाडणार हायेत म्हणं. तवापासनं माझ्या मागं लागलीय. गुरुजींना इचार म्हनती, ह्या येळंला तरी समदी उतरतील का?" तो हसला. "मला काय उमजंना राव. तुमी काय त्या अमेरिकेत नोकरीला व्हता का काय?"

मी जीपच्या दाराची दांडी धरली. त्याला वाटलं, मला चक्कर आली. त्यानं पाणी आणून दिलं. त्या बाई जिवंत आहेत हे मला माहीत होतं. त्या अजून वाट पाहताहेत हे मात्र मी माहीत करून घेतलं नव्हतं. दोन्ही गोष्टींत फरक आहे.

चोवीस वर्षांचा असताना मी घोडेगाव आणि कळंब यांच्या मधल्या एका गावात शिक्षक होतो. एक खोली, चार इयत्ता. त्या काळी लहान गावांत शिक्षकाकडेच पोस्टाचं काम असायचं, तसं माझ्याकडेही होतं. टेबलाच्या एका बाजूला हजेरीपट, दुसऱ्या बाजूला शिक्के, शाईचं पॅड आणि तिकिटांचा डबा. दुपारी घोडेगावहून टपालाची पिशवी यायची. गावात वाचता येणारी माणसं मोजकी, त्यामुळे पत्र द्यायचं काम माझं आणि वाचून दाखवायचंही माझंच.

मला एकच नाद होता. अमेरिकेची माणसं आकाशात जाऊ लागली होती आणि मी त्यांच्यापायी वेडा झालो होतो. मासिकांतली चित्रं कापून शंभरपानी वहीत चिकटवायचो. पहिला माणूस पंधरा मिनिटं वर जाऊन समुद्रात उतरला. दुसऱ्याचं यान उतरल्यावर दार उघडून बुडालं आणि तो लाटांत पोहत राहिला. तिसऱ्यानं पृथ्वीला तीन फेऱ्या घातल्या. एक जण दोरीच्या टोकाला बांधून यानाबाहेर तरंगला. तिघे तर जमिनीवरच, सराव करताना, आत आग लागून गेले. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि ते वेळेत उघडलंच नाही. हे मी मुलांना सांगायचो तेव्हा वर्गात कुणी चुळबूळ करत नसे. मला ते आवडायचं. दूरचं सगळं माझ्या तोंडून गावाला कळतंय, हे फार आवडायचं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

माझ्याकडे खांद्याला अडकवायचा ट्रान्झिस्टर होता. ज्या डिसेंबरात तिघेजण पहिल्यांदा चंद्राला वळसा घालायला गेले त्या दुपारी मी शाळा लवकर सोडली आणि व्हरांड्यात एक इंग्रजी स्टेशन लावून बसलो. पंधरावीस माणसं जमली. बहुतेक मेंढरं राखणाऱ्या घरांतली होती, कारण त्या दिवसांत त्यांचे कळप शाळेमागच्या रानात बसलेले असत.

"तितं चारा हाय का मास्तर?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही. चारा नाही, पाणी नाही."

"मंग गेलेत कशाला?"

"आपल्याकडं तरी कुटं हाय?" दुसरा म्हणाला. "तरी आपून ऱ्हातोच की!"

सगळे हसले. मग मी सांगितलं की आता यान चंद्राच्या मागे जाणार, आणि ते मागे असेपर्यंत त्यांचा आवाज पृथ्वीवर येणार नाही. खरोखरच थोड्या वेळानं बोलणं थांबलं आणि नुसती खरखर सुरू झाली. लोक उठून जाऊ लागले. एक बाई मात्र ट्रान्झिस्टरच्या अगदी जवळ येऊन बसल्या. पंचेचाळिशीच्या, कपाळावर हळदीचा मळवट. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईला गोदीत हमालीला गेला होता आणि तिथून मालवाहू जहाजावर खलाशी झाला होता. मेंढपाळाचं पोर समुद्रावर गेलं, याचं गावाला मोठं नवल होतं.

"मास्तर, आवाज बंद झाला म्हंजी मेली का ती?"

"नाही हो मावशी. मागे गेलीत. येतील."

"आवाज न्हाई म्हंजी मेली, आसं न्हाई तर."

"नाही."

"खोटं सांगू नगंस."

पाऊण तासानं आवाज परत आला. त्या बाईंनी कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि ट्रान्झिस्टरला हळद लावली. पुढे तो पिवळा डाग कधी निघाला नाही.

ते तिघे सुखरूप समुद्रात उतरले, त्याच आठवड्यात रजिस्टरचं पत्र आलं. पत्ता त्या बाईंच्या सुनेचा होता. सून तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. मी निरोप धाडला तेव्हा सासू पुढे आणि सून मागे, अशा दोघी आल्या. सून उंबऱ्यापाशीच थांबली. पोचपावतीवर तिचा अंगठा हवा होता. तिनं पदराआडून हात पुढे केला, मी तिचा अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर दाबला. आपण कशावर अंगठा देतोय हे तिनं विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. सुनेचं पत्र म्हणजे सासूचं पत्र.

लिफाफा फोडून मी आधी मनात वाचलं. इंग्रजीत टाइप केलेल्या सात-आठ ओळी होत्या. आपले पती अमुक तारखेच्या पहाटे जहाजावर आढळले नाहीत. तीन तास शोध घेतला. ते समुद्रात पडून मरण पावले असे समजण्यात येत आहे. त्यांची पेटी कचेरीत ठेवली आहे, वारसांनी दोन महिन्यांत घेऊन जावी.

मी मान वर केली तेव्हा सासूबाई माझ्या टेबलावरची वही चाळत होत्या. अगोदर त्या मोठ्या काचेच्या शिरस्त्राणाच्या चित्रावर थांबल्या. काचेत पृथ्वी आणि यान दिसत होतं, माणूस दिसत नव्हता. "ह्याला तोंड न्हाई," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं. पुढच्या चित्रात समुद्रात उतरलेलं यान होतं, त्याच्याभोवती रबरी कडं होतं, आणि त्या कड्याला धरून एक पोहणारा माणूस होता. अंगावर काळा पोशाख, तोंडावर काच. यानातल्यांना बाहेर काढून बोटीवर न्यायला असे पोहणारे ठेवलेले असत. बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो माझा."

मी चित्राकडे वाकून पाहिलं.

"खांदा बघ की त्येचा. डावा खांदा उतरलेला हाय. ल्हानपनी मेंढ्यानं धडक दिली व्हती." मग त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "वरनं येतात त्यांस्नी उचलायच्या बोटीवर घातला व्हय? त्येच लिवलंय का?"

मी "हो" म्हणालो.

एवढाच शब्द. दया आली म्हणून म्हणालो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. थोडी दया होती. पण त्या बाईंचा चेहरा मोडताना पाहायचं मला धैर्य नव्हतं, हे जास्त खरं आहे. संध्याकाळी भावकीतल्या कुणाला तरी बोलावून सांगू, असं मी त्या क्षणी ठरवलं होतं.

उंबऱ्यापाशी उभी असलेली सून पहिल्यांदा बोलली. "कवा येनार?"

"समदी उतरली की," सासूबाईच म्हणाल्या. "वर मानसं हायेत तवर ह्येला कसं सोडतील?"

ते चित्र त्यांनी मागून नेलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. पत्र माझ्याकडेच राहिलं. संध्याकाळी मी भावकीतल्या कुणालाही बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सांगायचं तर चार दिवस का लपवलं, हेही सांगावं लागलं असतं.

पुढची चार वर्षं मोहिमा होत राहिल्या. दर वेळी माणसं वर गेली की बाई शाळेत यायच्या. "किती गेली?" "तीन." "उतरली की सांग." पहिल्यांदा माणूस चंद्रावर उतरला तेव्हा गावानं पेढे वाटले. बाईंना त्याचं काहीच नव्हतं, त्यांना परतीचं हवं होतं. एका मोहिमेत यानात स्फोट झाला आणि तिघे मोठ्या मुश्किलीनं परत येत होते, तेव्हा त्यांनी चार दिवस अन्न घेतलं नाही. ते उतरल्याचं मी सांगितलं. "आता येईल त्यो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "अजून एक मोहीम आहे, मावशी."

दिवेलागणीला त्या व्हरांड्यात ट्रान्झिस्टरपाशी बसत. त्यांना स्टेशन नको असे. दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावायला सांगत. माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं ना, की मागे गेलेल्यांचा आवाज तिथे हरवतो. एकदा त्या म्हणाल्या, "हाळी देतुया."

प्रत्येक मेंढपाळाची हाळी वेगळी असते, आणि मेंढरं आपल्या धन्याच्याच हाळीला वळतात. त्यांच्या मुलाची हाळी साऱ्या गावाला ठाऊक होती. जीभ टाळ्याला लावून काढलेला लांब आवाज, शेवटी वर जाणारा आणि मध्येच तुटणारा.

"मावशी, ती खरखर आहे."

"तुला नसंल येत."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्या घरी गेल्यावर मी बटण बंद करायला हात पुढे केला तेव्हा खरखरीच्या मागून तो आवाज आला. लांब, शेवटी वर जाणारा, मध्येच तुटलेला. शाळेमागच्या रानात बसलेला कळप एकदम उठून उभा राहिला. मी खिडकीतून पाहिलं. शंभरेक मेंढरं व्हरांड्याकडे तोंड करून उभी होती, आणि एकही ओरडत नव्हतं. मी बॅटऱ्या काढून टाकल्या. मी विज्ञान शिकवणारा माणूस. त्या आवाजाचं काय कारण असेल याचा पुष्कळ विचार केला आहे. मिळालं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सगळ्यांत वाईट.

त्या घरांमध्ये विधवेचा पाट लावतात. पाट म्हणजे दुसरं लग्न; वाजंत्री नसते, गाजावाजा नसतो, चार माणसांत उरकतात. बाईचा जन्म फुकट जाऊ नये म्हणून जुन्या लोकांनी ठेवलेली ती वाट. तीन वर्षं झाली तरी नवऱ्याचं पत्र नाही, माणूस नाही, हे पाहून भावकीत बोलणं सुरू झालं. कळंबकडचा एक बिजवर होता, त्यानं मागणी घातली होती. सासू ऐकेना. शेवटी भावकीतले चार जाणते एका दुपारी शाळेत आले. पागोटी काढून मांडीवर ठेवून बसले.

त्यांच्यातला थोरला म्हणाला, "मास्तर, जित्या नवऱ्याच्या बायकूचा पाट लागत न्हाई. आन मेलेल्याच्या बायकूला आडवून ठिवलं तर पाप लागतं. तुमाला कागद आलता. तुमी एक सबूद सांगा. जित्ता हाय का न्हाई?"

खाली टेबलाच्या खणात ते पत्र होतं. माझा गुडघा खणाला लागत होता. खरं बोललो असतो तर रजिस्टरचं पत्र दाबल्याबद्दल नोकरी गेली असती, कदाचित कोठडी. माझं लग्न ठरत होतं. आणि ज्या गावाला दूरचं सगळं माझ्या तोंडून कळत होतं, त्या गावापुढे मी खोटा ठरलो असतो.

"जहाजावर आहे," मी म्हणालो.

"शपथ?"

"शपथ."

ते उठले. थोरल्यानं पागोटं डोक्यावर ठेवत म्हटलं, "बरं झालं इचारलं. पाप घडलं आसतं." कळंबच्या माणसाला नकार गेला.

पुढच्याच वर्षी चंद्राकडच्या मोहिमा संपल्या. रेडिओवर स्पष्ट सांगितलं, आता कुणी जाणार नाही. बाई आल्या. "समदी उतरली का?"

सगळी उतरली म्हटलं तर मुलगा यायला हवा. मी म्हणालो, "नाही मावशी. अजून तीन गेलेत."

असं मी सहा वर्षं केलं. मोहिमा बंद झाल्या होत्या, माझ्या शाळेत त्या चालूच होत्या. जन्माला न आलेली माणसं मी चंद्राकडे पाठवली. कधी तीन, कधी दोन. कुणी चंद्रामागे अडकलं, कुणाचं इंधन संपलं. बाईंच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "किती ऱ्हायली?" मी म्हणालो, "तिघे." त्यांनी सुनेकडे मान वळवली. "आयकलंस? तिघं. त्येला सांग." मला वाटलं, वाताच्या भरात बोलताहेत. त्या गेल्या, माझी बदली झाली, आणि मी सुटल्यासारखा निघून आलो. पत्र माझ्या ट्रंकेत होतं. चार घरं बदलली, तरी ते प्रत्येक घरात बरोबर आलं.

जीपवाल्यानं निरोप दिला त्याच दिवशी दुपारी मी त्याच्याच जीपमधून निघालो. वस्ती ओळखू आली नाही. जिथे कळप बसायचे तिथे आता ठिबकवर टोमॅटो आहे. मधोमध एक पत्र्याचं घर, शेजारी जाळीनं वेढलेल्या जागेत पंधरा-सोळा मेंढरं, आणि एक कुत्रा. वहिनी, म्हणजे तीच सून, मी त्यांना वहिनीच म्हणत आलो आहे, दारात पालेभाजी निवडत बसल्या होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली.

"या गुरुजी. च्या ठिवू?"

"आधी ऐका, वहिनी."

"च्या पिऊन बी आयकता येतं."

चहा झाला. मी पिशवीतून लिफाफा काढला. "हा कागद तुमचा आहे. यासाठी मी तुमचा अंगठा घेतला होता. तेव्हा मी जे सांगितलं ते यात नाही."

त्यांनी लिफाफा हातात घेतला नाही. "वाचा," म्हणाल्या.

मी वाचलं. इंग्रजी ओळ वाचायची आणि तिचं मराठी करायचं, असं शेवटपर्यंत. सात-आठ ओळींना किती वेळ लागतो? मला तो फार लागला. वाचून झाल्यावर त्यांनी भाजी पुढे ओढली.

"पेटी आनायला कोन गेलं?"

"कुणीच नाही. मी सांगितलं नाही."

"त्यात माझी चोळी व्हती. मापाला न्हेली व्हती त्येनं. मुंबईची शिवून आनतो म्हनला." त्यांनी एक काडी मोडली. "बरं. आनी भावकी आलती तुमच्याकडं, तवा बी हे ठावं व्हतं तुमाला?"

"हो."

"कळंबच्या त्या मानसाला मी बघितलं व्हतं, गुरुजी. घोडेगावच्या बाजारात. बुटका व्हता. पन बोलताना समोरच्याकडं बघून बोलायचा. मला पसंत व्हता." त्यांचा आवाज चढला नाही. "मला लेकरं झाली आसती."

मी त्यांच्या पायांशी वाकू लागलो. त्यांनी पाय मागे घेतले. "ते नगं. ते सोपं पडंल तुमाला."

मग त्यांनी विचारलं, "त्यो तवाच मेला, तर मंग सांजच्याला येतो त्यो कोन?"

"कुठे येतो?" मी विचारलं.

त्यांनी जाळीकडे बोट केलं. पत्र आलं त्याच महिन्यापासून, म्हणाल्या, दिवे लागायच्या वेळेला जाळीच्या पलीकडे कुणीतरी येऊन उभं राहतं. दिसत काही नाही. कुत्री भुंकत नाहीत, आजवर एकही कुत्रं भुंकलेलं नाही. मेंढरं उठून उभी राहतात. बिबट्या आला की मेंढरं एकमेकांत घुसतात, ओरडतात, जाळी तोडायला बघतात; तसं नाही. नुसती उभी राहतात, जाळीकडे तोंड करून, आणि तो गेला की परत बसतात. "आन इचारतो. समदी उतरली का? आत्याबाई हुत्या तवर त्याच सांगायच्या, दोन ऱ्हायली, तीन ऱ्हायली, तुमी सांगाल तसं. त्या गेल्यावर मी सांगते, तिघं ऱ्हायलीत. बरं म्हनतो आन जातो. कामावर जातो."

पन्नासहून जास्त वर्षं मी एका बाईला अडकवून ठेवलं, एवढंच ओझं घेऊन मी आलो होतो. दुसरंही कुणी माझ्या शब्दावर थांबलेलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"परवा त्या पोरीनं मोबाईल दावला, परत मानसं जानार म्हनून," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, आता ह्येला आनखी किती वर्सं उभा ठिवायचा? म्हनून तुमाला इचारलं."

सूर्य डोंगराआड गेला होता. शेजारच्या वस्तीवर पाण्याची मोटार चालू झाली आणि बंद पडली. मी काही विचारणार तोच जाळीतलं एक मेंढरू उठलं. मग दुसरं. हळूहळू सगळी उभी राहिली आणि पलीकडच्या टोमॅटोच्या रानाकडे तोंड करून थांबली. कुत्रा पायांत मान घालून पडून होता. डोळे उघडे होते.

"आला," वहिनी म्हणाल्या. "सांगा त्येला."

"मी?"

"मी सांगून आयकायचा न्हाई. सबूद तुमचा हाय."

मी जाळीजवळ गेलो. पुढे टोमॅटोच्या काठ्या आणि तारा, त्यापलीकडे बांध, आणि बांधावर काहीच नव्हतं. शाळेत हजेरी घेताना काढायचो तसा आवाज काढायचा प्रयत्न केला. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा मी बोलू लागलो.

चंद्राला पहिल्यांदा वळसा घालून आलेले तिघे उतरले, म्हणालो. त्यानंतरचे उतरले. स्फोटातून वाचलेले उतरले. चंद्रावर चाललेले, वरून वाट पाहत फिरत राहिलेले, सगळे उतरले आणि घरी गेले, त्यांतले बरेच म्हातारे होऊन वारलेही. मग माझी माणसं आली. इंधन संपलेले दोघे, चंद्रामागे अडकलेला एकटा, आणि तुझ्या आईनं डोळे मिटताना विचारलेले ते शेवटचे तिघे. ती कधी वर गेलीच नव्हती, मी म्हणालो, पण मीच पाठवली होती, तर तीही उतरली. त्यांतलं आता वर कुणी नाही. तुझी कामाची पाळी कधीच संपली आहे. तू त्या पहाटे पाण्यात पडलास आणि मेलास. पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं होतं. मी तुझ्या आईला खोटं सांगितलं, भावकीला शपथेवर खोटं सांगितलं. तुझी बायको विधवा आहे.

काही ऐकू आलं नाही. मेंढरं तशीच उभी होती.

"आयकलं का त्येनं?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्यांचीच बोली आली.

वहिनी बांधाकडे कान देऊन होत्या. मग म्हणाल्या, "परत सांगा."

"परत?"

"त्येच्याबद्दल दोनदा खोटं बोललात. आत्याबाईला एकदा, भावकीला एकदा. मंग खरं एकदाच सांगून कसं भागंल?"

मी पुन्हा पहिल्या तिघांपासून सुरुवात केली. या खेपेला वहिनी बांधाकडे पाहत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि प्रत्येक माणूस उतरला की मान हलवत होत्या. मी इंधन संपलेल्या दोघांपाशी पोचलो तेव्हा कडेचं एक मेंढरू गुडघे मोडून खाली बसलं.